दोदोल घोटायला दोघं लागतात

नाताळची गोड प्रेमकथा, त्यात एकटा हिंदू बाप आणि त्याची सहा-सात वर्षांची लेक, शेजारी ख्रिस्ती घर. हा साचा इतका वापरून झालाय की लिहिणारा पहिल्याच पानावर घसरतो. कुडकुडणारी माणसं, शेकोटी, बाजारात योगायोगाने झालेली धडक, आणि मुलीने सांताक्लॉजला लिहिलेलं ‘मला आई हवी’ असं पत्र. गोव्यात यातलं काहीच शोभत नाही. इथे डिसेंबरात रात्रीचा पारा २० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ३२ पर्यंत चढतो. स्वेटर लागतो तो फक्त पहाटे स्कूटरवर. मात्र गोव्याच्या डिसेंबरात योगायोगापेक्षा भरवशाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे कामं. त्यातली निम्मी एकट्याने होत नाहीत. कथा त्यांच्यावर उभी करावी.

आधी दिनदर्शिका समोर घ्या. २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरची नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे चर्चचा सण. ८ डिसेंबरला पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त. त्या फेरीत, म्हणजे फेस्ताच्या बाजारात, खाजं, चणे, खेळणी, सगळं मिळतं, आणि जत्रेतलं खाजं खाऊन वाढलेल्या हिंदू पोराला तिथे काहीच परकं वाटत नाही. ओळख करून द्यायला ही जागा चांगली: मुलीच्या हातात खाजं, बापाच्या हातात तिची चप्पल. १९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन, म्हणजे शाळेला आणि कचेरीला सुटी. २४ ची रात्र आणि २५ चा दिवस तर आलाच. ३१ ला पोरं जुन्या वर्षाचा पुतळा करतात, रस्त्यात दोरी धरून गाड्यांकडून पैसे गोळा करतात आणि मध्यरात्री पुतळा जाळतात. शेवटी ६ जानेवारी, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं फेस्त. एकूण सहा आठवडे मिळतात. प्रेमात पडायला तेवढे पुरतात, लग्न ठरवायला नाही पुरत. त्याकडे शेवटी येऊ.

यातच ॲडव्हेंटचे, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचे, चार रविवार येतात. पाद्री जांभळ्या वस्त्रात असतात, तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतं. या दिवसांत लग्नं सहसा ठेवत नाहीत, म्हणून २० डिसेंबरला चर्चमध्ये लग्न लावणारी कथा गोंयकार वाचक तिथेच मिटतो. नायिका, म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरातली मुलगी, चर्चच्या गायनवृंदात असेल तर तिच्या संध्याकाळी सरावात जातात. हे कथेच्या फायद्याचंच आहे. ती नेमकी कधी मोकळी असते हे बापाला माहीत असणं आणि त्याने ते माहीत नसल्याचं दाखवणं, यातच अर्धं प्रेम लिहून होतं.

आता बाप. तो एकटा का आहे हे आधी पक्कं करा, कारण त्यावर पुढचा सगळा हिशेब बदलतो. विधुर असेल तर पत्नी जाऊन एक वर्ष झालंय की नाही, हा पहिला प्रश्न. वर्षाच्या आत घरात सण होत नाही. गणेश चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्या जात नाहीत, म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरी दरवर्षी जाणारं ताट त्या वर्षी गेलेलं नसतं. शेजारणीला हे न सांगता कळलेलं असतं. नाताळात तिच्याकडून कोंसुआदाचं, म्हणजे नाताळच्या गोड फराळाचं, ताट येतं, त्यात एरवीपेक्षा दोन वस्तू जास्त असतात आणि त्याबद्दल कोणी एक शब्दही काढत नाही. इतका संयमी प्रसंग आयता मिळत असताना हॉस्पिटलातल्या आठवणींची चार पानं लिहू नयेत.

ताट रिकामं परत द्यायचं नाही, हा नियम दोन्ही घरांना ठाऊक असतो. बापाची पंचाईत तिथे होते. त्याला भात, वरण आणि मासळीचं हुमण येतं. गोडाचं काहीही येत नाही. ताट त्याच्या ओट्यावर आठवडाभर पडून राहतं. साखर घालून परत केलं असतं तरी चाललं असतं, पण तसं तो करत नाही. का करत नाही हे वाचकाला कळू द्या, त्याला स्वतःला जरा उशिरा कळलं तरी चालेल.

घटस्फोटित असेल आणि नायिकेला चर्चमध्ये लग्न हवं असेल, तर अडचण खरी आहे. चर्चच्या लेखी त्याचं पहिलं लग्न, हिंदू पद्धतीने झालेलं असलं तरी, सहसा ग्राह्य धरलं जातं आणि न्यायालयाचा घटस्फोट त्याला संपवत नाही. चर्चची वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि ती सहा आठवड्यांत होत नाही. गोड आणि छोटी कथा हवी असेल तर बाप विधुर ठेवा. विधुर आणि ख्रिस्ती मुलगी यांना चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. तिला स्वतःची श्रद्धा टिकवण्याचं आणि होणाऱ्या मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी शक्य तेवढा प्रयत्न करण्याचं वचन द्यावं लागतं. हे वचन आधीच्या लेकीला लागू होत नाही. बापाच्या आईला हा फरक समजावून सांगणं हा एक अख्खा विनोदी प्रसंग आहे, लिहायला घ्याच.

बापाचा दिवस तासांत मांडा. तो म्हापशाला औषधांच्या दुकानात कामाला आहे असं धरू. शाळा दुपारी एकच्या सुमारास सुटते, दुकान रात्री आठला बंद होतं. मधले सात तास मुलगी कुठे असते? आजी डिचोलीला आहे, रोज येऊ शकत नाही. या सात तासांतूनच शेजारीण कथेत येते, आकाशातून नव्हे. ती मुलीला जेवायला वाढते आणि गुरुवारी अंडं देत नाही, कारण एकदा तिने विचारून ठेवलंय. मार्गशीर्ष नाताळाच्या आठवड्यापर्यंत लांबला तर ही गोष्ट आणखी कामाची ठरते. नाताळच्या गोडातल्या बिबिंकेत, म्हणजे थरांच्या केकात, अंड्यांचे बलक असतात, बातिकात, म्हणजे रवा-नारळाच्या केकात, अंडी असतात. दोदोल ही गूळ-नारळाची घोटीव मिठाई, चण्याच्या डाळीचा दोस आणि नेवऱ्या यांत अंडं नसतं. म्हणून गुरुवारी आलेल्या ताटात काय आहे एवढ्यावरूनही तिने किती विचार केलाय ते दिसतं. वाक्यात सांगण्याची गरज उरत नाही.

पहिलं जोडीचं काम नखेत्राचं, म्हणजे नाताळात टांगायच्या चांदणीच्या आकाराच्या कंदिलाचं. दिवाळीला आकाशकंदील आणि नरकासुराचा सांगाडा बांधलेल्या माणसाला बांबू हाताळता येतो, म्हणून इथे बाप जाणकार आणि शेजारीण मदतनीस. दोदोलाच्या वेळी उलटं होईल. हा तोल कथेला हवाच, नाहीतर नायिका फक्त खाऊ घालणारी होऊन बसते.

बांबूच्या दहा कामट्या घ्या, प्रत्येकी ९० सेंमी लांब आणि सुमारे १ सेंमी रुंद. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून ३४.५ सेंमीवर खूण करायची. मध्ये २१ सेंमी उरतात. दुसऱ्या कामट्या याच खुणांवर ओलांडल्या पाहिजेत, नाहीतर चांदणीचा एक पाय आखूड होतो आणि टांगल्यावर लांबूनही दिसतं. कामट्या एक वर, एक खाली अशा गुंफून सुताने बांधतात. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं जोडायची. मग आतल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत, पुढच्या आणि मागच्या चांदणीच्या मध्ये, १५ सेंमीच्या काड्या उभ्या बसवायच्या. त्यासरशी नखेत्र फुगतं.

एकट्याने जमत नाही ते इथेच. तिसरी काडी बसवली की पहिली निसटते. एकाने दोन्ही हातांनी चांदण्या फाकवून धरायच्या आणि दुसऱ्याने गाठ मारायची. फाकवणाऱ्याच्या हातांवर ताण येतो, गाठ मारणाऱ्याला घाई करता येत नाही. कथेत हे तीन-चार मिनिटांचं अंतर हवं तेवढं ताणा. जाड कामटी या टप्प्याला मोडते. ती आधी काही तास पाण्यात भिजवली आणि आतून तासली तर वाकते. बांबू फारच ओला असेल तर वाळल्यावर आकसतो आणि गाठी सैल पडतात, म्हणून दुसऱ्या दिवशी गाठी पुन्हा आवळाव्या लागतात. थोडक्यात, बापाला परत यायला कारण मिळतं.

पतंगाचा कागद दिसायला सुंदर, पण डिसेंबरातल्या दवात तो रात्रीतून लोंबतो. बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, छपराखाली टांगणार असाल तर चालतो, आंब्यावर चढवणार असाल तर सेलोफेन वापरा. मागच्या एका पाकळीचा कागद एका बाजूने उघडा ठेवायचा, दिवा बदलायला. दिवा एलईडी, ७ वॅटचा पुरतो, आणि तो कागदाला टेकता कामा नये. वायरचा जोड उघड्यावर ठेवू नका. मुलीचं काम खळ लावण्याचं. ती जास्तच लावणार आणि कागदाला सुरकुत्या पडणार. त्या तशाच राहू द्याव्यात, सगळ्या वाडीत हे नखेत्र लगेच ओळखू येतं. तुळशीचं लग्न झाल्यावर बापाच्या दारातला आकाशकंदिलाचा हूक मोकळाच असतो. एक नखेत्र करायला बसून दोन का झाली, हे आजीने विचारू द्या.

दुसरं काम लहान, पण मुलीचं. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून नाचणी रुजवतात. रात्रभर भिजवून उथळ थाळीत, मातीच्या पातळ थरावर पसरायची. १३-१४ डिसेंबरला पेरली तर २४ ला बोटभर उंच, ताठ हिरवळ मिळते. १ तारखेला पेरली तर नाताळापर्यंत वाढून आडवी होते, आणि अंधारात ठेवली तर पिवळी पडते. नवरात्रात घट बसलेलं घर असेल तर हे मुलीला आधीपासून येतं, शेजारणीला तीच शिकवेल. मुलीला काहीतरी येत असावं. या कथांमधली पोरं एकतर देवदूत असतात किंवा मोठ्यांची लग्नं जुळवणारे दलाल. सात वर्षांची मुलगी तसं काही करत नाही. थाळीवर आपलं नाव लिहिते, रोज पट्टीने उंची मोजते, आणि शेजारीण घरी गेल्यावर विचारते, ‘बाबा, आंटी उद्या पण येणार?’ हा प्रश्न ती आईच्या आठवणीनेही विचारत असेल किंवा उद्याच्या पोळ्यांसाठीही. उलगडा करू नका.

तिला शेजारीण आवडते म्हणून तिची अडचण संपत नाही. उलट आवडायला लागल्यावर ती एक दिवस अकारण उद्धट वागते. हा प्रसंग नाताळाच्या आधी घाला, नंतर नको. नंतर घातला तर तो कथा लांबवण्यासाठी घातल्यासारखा वाटतो.

आता दोदोल. यासाठी १९ डिसेंबर नेमका: सुटीचा दिवस, नाताळाला सहा दिवस, आणि दोदोल नीट शिजला तर तेवढा सहज टिकतो. २५० ग्रॅम तांदळाचं पीठ, ७५० ग्रॅम माडाचा काळा गूळ, चार मोठे नारळ, १०० ग्रॅम काजू, चिमूटभर मीठ. गूळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो, टोकदार ढेपांचा. तो बोटाने दाबून थोडा मऊ लागला पाहिजे. उसाचा गूळ घेतला तर रंग तांबूस राहतो आणि ती धुरकट चव येत नाही. माडाच्या गुळात कचरा आणि रेती असते, म्हणून तो थोड्या पाण्यात वितळवून गाळायचाच. आळस केला तर दाताखाली कचकच येते आणि दोष आयुष्यभर करणाऱ्याच्या नावावर राहतो.

नारळाचा दाट रस वेगळा, पातळ वेगळा. पीठ पातळ रसात गार असतानाच कालवायचं. गरम रसात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. मग गुळाचं पाणी, मीठ, आणि मध्यम आचेवर जाड बुडाच्या भांड्यात ढवळायला सुरुवात. पीठ शिजून दाटलं की दाट रस थोडा थोडा घालायचा. आच मंद करायची. काजू तासाभराने. एवढ्या मापाला दोन तास तरी जातात, आणि त्या दोन तासांत उलथणं थांबवायचं नाही. थांबलं की तळ लागतो आणि करपल्याची चव खालून वर सगळ्यात जाते. वरचा भाग काढून घेऊनही वाचत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात गोळा जड होतो, हात भरून येतात, म्हणून दर दहा मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. लेखकाला यापेक्षा जास्त काय हवं? दोघं एकाच भांड्याशी, नजर दोघांची दोदोलात, फोन उचलता येत नाही, उठून जाता येत नाही. एरवी न बोललेली गोष्ट माणूस याच वेळी बोलतो, कारण समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. पत्नीबद्दल बापाने पहिल्यांदा बोलायचं असेल तर ते इथे, आणि बोलता बोलता त्याचा हात मंदावला की शेजारणीने ‘ढवळ, ढवळ, लागेल’ म्हणावं. त्या क्षणी ‘तुम्ही’ गळून पडलं तरी दोघांना पत्ता लागत नाही. सांत्वनाचं यापेक्षा मोठं वाक्य तिच्या तोंडी देऊ नका.

मुलीला भांड्याजवळ येऊ देऊ नका, कथेतही. दाट दोदोल बुडबुड्यांसकट उडतो, चिकटतो आणि भाजतो. तिचं काम ताटांना तूप लावायचं आणि काजूचे दोन भाग करायचे. १०० ग्रॅममधले २० ग्रॅम ती खाणार, ते धरूनच मोजा.

कडा सुटायला लागल्या आणि बाजूने तेल दिसू लागलं की झालं. लवकर उतरवला तर तो थिजत नाही, सुरीला चिकटतो आणि तीन-चार दिवसांत बुरशी धरतो. ताटात थापून रात्रभर ठेवायचा, कापायचा दुसऱ्या दिवशी. म्हणजे पुन्हा एक भेट. बापाच्या ओट्यावरचं ताट आता भरून जाऊ शकतं, पण तिच्याच घरचं दोदोल तिलाच कसं द्यायचं? याचं उत्तर एकच: त्याने नेवऱ्या करून पाहाव्यात. त्यांच्या कडा तेलात सुटतील, सारण बाहेर येऊन तेल काळं होईल. कडेला पाण्याचं बोट फिरवून, दाबून मग मुरड घातली तर सुटत नाहीत. हे त्याला फोनवर आईने सांगायचं आणि ‘आता कोणासाठी करतोस?’ असं विचारायचं.

२४ ची रात्र थोडक्यात आटपा, ती सगळ्यांनी लिहून झालीय. मध्यरात्रीची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, ऐकायला हिंदू शेजारी आले तर कोणाला काही वाटत नाही. मागच्या बाकावर बसायचं, सगळे उठले की उठायचं, प्रसादाच्या रांगेत मात्र जायचं नाही. मुलगी ‘मला का नाही?’ म्हणून विचारणार, त्याचं उत्तर बापाकडे तयार हवं. बऱ्याच चर्चमध्ये मिसानंतर बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन घ्यायला रांग लागते. त्या रांगेत ती जाऊ शकते. तोवर ती बहुधा झोपलेली असेल. सात वर्षांचं झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरताना माणसाला दुसरा हात मोकळा नसतो, म्हणून हातात हात वगैरे लिहू नका. चपला शेजारणीच्या हातात द्या.

प्रेमाची कबुली २५ ला नको. त्या दिवशी तिच्या घरात पाहुणे, डुकराच्या मांसाचं सोरपोतेल, तांदळाच्या सान्नां आणि मुंबईहून आलेली भावंडं असतात. एका मिनिटाचाही एकांत मिळत नाही. कबुलीला ६ जानेवारी बरी. त्या दिवशी वेरेंच्या रेइश मागुशला, चांदोरला आणि कांसावलीला तीन मुलगे राजे होऊन निघतात. कांसावलीला कांसावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांचे राजे वेगवेगळ्या वाटांनी घोड्यावरून कुएलीच्या टेकडीवरच्या कपेलाकडे, म्हणजे लहान चर्चकडे, जातात. तिथे गर्दी असते, घोडे असतात, मुलीचं लक्ष पूर्ण दुसरीकडे असतं. दोन मोठ्या माणसांना पाच मिनिटं मिळतात.

त्यापुढे लग्न दाखवायचंच असेल तर गोव्याचा कायदा विसरू नका. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आपला कौटुंबिक कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे, आणि सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदणी केल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. एका फेरीत ते होत नाही. आधी साक्षीदारांसह इच्छा नोंदवायची, मध्ये हरकतींची मुदत जाते, मग पुन्हा सही. वेगळा करार केला नाही तर दोघांची मालमत्ता एकत्र होते, आणि तो करार लग्नाआधीच व्हावा लागतो, नंतर नाही. लेकीचं घर तिच्या आईच्या बाजूने आलेलं असेल तर हा करार नायिकेनेच सुचवावा. माझ्या मते अख्ख्या कथेतलं हे सर्वांत प्रेमळ वाक्य ठरेल. चर्चच्या तारखेसाठी ईस्टरआधीचा उपासाचा काळ टाळावा लागतो. २०२७ मध्ये तो सुरू होण्याचा दिवस, म्हणजे राखेचा बुधवार, १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. ६ जानेवारीला होकार मिळालेल्या जोडप्याला मधल्या पाच आठवड्यांत रजिस्ट्रार, बिशपांची परवानगी आणि हॉल हे तिन्ही जमणार नाही. तारीख एप्रिलची धरा. तोपर्यंत मुलीची शाळेतली परीक्षा आटोपलेली असेल का, एवढं मात्र तिच्या बाईंना विचारून घ्या.